सात ढेपा

१० एप्रिल १९९०, मंगळवार, पहाटे पावणेपाच. या वेळी मी आमच्या गोठ्यात म्हशीच्या दावणीआड उभा राहून पाच किलोची दोन लोखंडी वजने आणि दोन किलोचे एक, असे बारा किलो लोखंड आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेभोवती आवळून बांधू लागलो. वेळ नक्की आठवते, कारण गाठ मारण्यासाठी मनगटावरचे घड्याळ काढून गव्हाणीच्या कडेला ठेवावे लागले होते. लोखंड थंड होते. चोरी म्हणावी तर वजने संध्याकाळपर्यंत परत पेटीत जाणार होती. खोटेपणा म्हणावा तर तो कोणाशी, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. आई त्या दिवशी दोन वेळा जेवावी, एवढाच हेतू होता.

आमचे गाव नारायणगावापासून जीपने अर्ध्या तासावर. चैत्री पौर्णिमेला गावच्या देवीची जत्रा भरते. मी तान्हा असताना दूध पोटात ठरेना आणि माझी आशा सोडलेली होती, तेव्हा आईने देवीला नवस बोलला की पोर जगले तर त्याचे लग्न होईपर्यंत दर जत्रेला त्याला गुळाने तोलीन. मी जगलो. तेव्हापासून दर वर्षी देवळापुढच्या पटांगणात तीन बल्ल्या उभ्या करून तागडी टांगली जाई. एका पारड्यात मी बसे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढत. पारडी बरोबरीला आली की तो गूळ देवीपुढे ठेवून गावात वाटत. पहिल्या वर्षी अर्धी ढेपही लागली नव्हती, असे आई सांगे. आमच्याकडे येणारी ढेप दहा किलोची असे, त्यामुळे माझे वजन सगळ्या गावाला ढेपांत पाठ होते.

आईच्या हाताखाली कोणी हडकुळे राहणे शक्य नव्हते. पहाटे जाग यायची ती परातीवर भाकरी थापण्याच्या आवाजाने. बाजरीची भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली की तिचा पदर सुटे आणि त्यातून वाफ निघे. त्या वाफेवर आई शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा ठेवून वर तेल सोडी. थंडीत हुलग्याचे शेंगोळे, पाहुणा आला की मासवडी आणि तिचा काळा रस्सा, एकादशीला भगर आणि आमटी. आमच्या घरात कोणी किती खाल्ले, हे विचारण्याची रीत नव्हती. आई म्हणायची, "अर्धी घे." त्या अर्धीनंतर आणखी एक अर्धी असे. मी घेत असे. मला खाणे आवडत होते, हे इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे झाले त्यावरून वाचणाऱ्याचा उलट समज होण्याची शक्यता आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात दलाली करीत. बैलाभोवती एक फेरी मारून त्याचे वजन सांगायचे आणि दोन-चार किलोंच्या पलीकडे चुकायचे नाहीत. बोलणे थोडे. घरातल्या माणसांकडेही ते त्याच नजरेने पाहत, पण आकडा तोंडावर आणीत नसत.

आदल्या वर्षीची, म्हणजे एकोणनव्वदची जत्रा. मी नारायणगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वेळी माझ्या समोरच्या पारड्यात सहा ढेपा चढल्या तरी माझे पारडे हलले नाही. तागडी सदूतात्यांची. कांद्याची आडत होती त्यांची, आणि आबांचे ते लहानपणापासूनचे सोबती.

"आणा सातवी!" तात्या माझ्याकडे बघत ओरडले. "आरं रघू, देवीला द्यायचा का कारखान्याला घालायचा यवढा गूळ?"

"तात्या, तागडीनं न्हाई भागायचं. उसाच्या गाडीचा काटा आणा," मागून कोणीतरी म्हणाले.

"पोरगी देनाऱ्याला सांगा रं, म्हनावं आदी ढेपा मोजून ठिव!"

सातवी ढेप ठेवली आणि तागडी ज्या दोराने टांगली होती तो दोर तुटला. मी ढेपांवर पडलो. सदऱ्याची गुंडी तुटून पोट उघडे पडले, त्याला गूळ चिकटला. पटांगण हसले. माझ्या वर्गातल्या दोन मुली जत्रेला आल्या होत्या, त्याही हसल्या. ते मी विसरलो असतो. पण मान वर केली तेव्हा आई हसताना दिसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "सात भरला गं, सात! दूध पचत नव्हतं त्याला." तो तिच्या आयुष्यातला अभिमानाचा क्षण होता, हे आज कळते. त्या दिवशी मला एवढेच दिसले की माझ्या आईलाही माझे हसू आले. त्या संध्याकाळपासून गावात माझे नाव ढेप पडले.

कॉलेजच्या ग्रंथालयात आहारशास्त्राचे एक पुस्तक होते. त्याच्या शेवटी तक्ता होता. कोणत्या पदार्थात किती उष्मांक, म्हणजे कॅलरी, असतात ते त्यात दिले होते. मी तो दोन दुपारी बसून वहीत उतरवून घेतला. त्याच पुस्तकात दिवसाला माणसाला किती लागतात तेही होते. मी स्वतःसाठी त्याहून पुष्कळ कमी असा एक आकडा ठरवला. तो इथे देत नाही. वाचणाऱ्यांत तो उचलणारा कोणी निघेल, आणि तेवढे पाप आणखी नको. आमच्या धाकट्या सुनेच्या फोनमध्ये आता हीच वही आहे. खाल्लेले टिपले की तो आपोआप बेरीज करतो आणि आकडा ओलांडला की तांबडा होतो. मी तिला एकदा विचारले, तांबडा झाल्यावर काय करतेस? ती म्हणाली, काही नाही बाबा, जेवते. ते ऐकून मला बरे वाटले. अधिक विचारले नाही.

मला ते जमले नाही. पहिल्या महिन्यात मी एक भाकरी सोडली, दुसऱ्यात तेल, तिसऱ्यात दूध. आईने वाढलेले टाकणे आमच्या घरात शक्य नव्हते, म्हणून ताट घेऊन ओसरीवर बसू लागलो आणि भाकरी कुत्र्याला घालू लागलो. कुत्रे माजले. कमरेच्या करदोट्याला गाठ मारत गेलो. गाठ पुढे सरकली की मनाला जी शांती मिळे ती दुसऱ्या कशानेच मिळत नसे. नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर नाणे टाकून वजन करायचे यंत्र होते. तांबडे दिवे फिरत आणि खालून एक चिठ्ठी पडे. तिच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य मी कधी वाचले नाही. चिठ्ठ्या वहीत ओळीने चिकटवल्या.

दसऱ्यापर्यंत माझ्याकडे पाहून लोकांचे हसणे थांबले. वास्तविक काम झाले होते. पण मला थांबता येईना. पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई, आंघोळीच्या वेळी केस हातात येत, उन्हात बसूनही थंडी वाजे. तरी रात्री वहीतली बेरीज ठरलेल्या आकड्याखाली आली की मला वाटे, जगात एवढी एक गोष्ट माझ्या हुकमात आहे. खरे तर हुकूम वहीचा होता. हे कळायला जो काळ लागला त्यात दुसऱ्याच माणसाचे नुकसान झाले.

दिवाळीत आबा बेल्ह्याहून आले, पाय धुताना त्यांनी माझ्याभोवती नजर फिरवली आणि त्यांच्या तोंडून आकडा निघून गेला.

"आठ किलो उतारलाय," ते आईला म्हणाले.

आईच्या हातातला तांब्या कलंडला. तिच्या हिशेबात वजन उतरणे म्हणजे देवीने दिलेले देवी परत घेत आहे, एवढाच अर्थ होता. तिने मला समोर बसवले.

"काय व्हतंय रं तुला?"

"काही नाही. मी मुद्दाम कमी खातो."

"मुद्दाम?" तिला तो शब्द या वाक्यात समजला नाही. "दुखतंय कुटं? पोटात जळजळ? कोनाची नजर?"

"पुस्तकात दिलंय. जास्त खाणं वाईट."

"पुस्तक कोनी लिव्हलं? त्याची आय मेली व्हती का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती देवळात जाऊन आली. चूल पेटवता पेटवता, माझ्याकडे न पाहता तिने सांगितले, "देवीला सांगून आले. पोर गेल्या सालाइतकं भरंल, सात ढेपा, तवाच दोन येळ जेवीन. तवर एकच येळ. आन् गूळ तोंडात घेनार न्हाई."

"आई, हा वेडेपणा आहे."

"आसंल. तू पुस्तकाचं आईक. मी माज्या देवीचं आईकते."

त्या हिवाळ्याविषयी फार लिहिता येत नाही. एका चुलीच्या दोन बाजूंना आम्ही दोघे उपाशी बसत होतो, एवढेच. ती सकाळची खाई, दुपारी शेतात कांदालागणीला वाकलेली असे, आणि संध्याकाळी सर्वांना वाढून पाण्याचा तांब्या पिऊन उठे. मला ते दिसत होते. मी जेवलो तर ती जेवणार होती, हेही मला ठाऊक होते. मी प्रयत्न केला नाही असे नाही. संक्रांतीला तिच्यासमोर बसून दीड पोळी खाल्ली. तिचा चेहरा उजळला. त्यानंतर मी मागच्या ओढ्याला जाऊन तासभर चालत राहिलो आणि पुढचे दोन दिवस फक्त ताक प्यालो. दीड पोळीचा आकडा डोळ्यांसमोरून हलेना. आई एका बाजूला आणि तो आकडा दुसऱ्या बाजूला असताना मी आकड्याच्या बाजूने राहिलो. याला दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

फाल्गुनात ती शेतात चक्कर येऊन पडली. बायकांनी धरून आणले. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी स्टँडवर जाऊन वजन केले. सात ढेपांना बारा किलो कमी होते आणि जत्रा तीन आठवड्यांवर होती. एवढ्या दिवसांत मी तेवढे खाऊ शकणार नाही, हे मला स्वच्छ दिसले. सुचला तो उपाय लोखंडाचा.

तागडी आणि वजनांची पेटी आदल्या दिवशी तात्यांच्या आडतीतून आमच्या ओसरीवर येऊन पडत असे. गूळतुलेला वजने लागत नाहीत, समोर गूळच असतो. पेटी नुसती तागडीबरोबर येई आणि तागडीबरोबर जाई. पहाटे तिच्यातून मी ती तीन वजने काढली. एक पाचाचे डाव्या बाजूला, एक उजव्या, दोनाचे पाठीशी. वरून सैल नेहरू शर्ट आणि खांद्यावरून पुढे सोडलेले उपरणे. चालताना पाय जड पडत होते. आईने ते पाहिले आणि तिला वाटले पोराच्या अंगात जोर आला.

नऊ वाजता मला पारड्यात बसवले. तात्यांनी ढेपा चढवायला घेतल्या. तीन, चार, पाच. गर्दी ढेपा मोजत होती. माझे वाळणे आणि आईचा नेम सगळ्या गावाला माहीत होता. सहावी ठेवली. पारडे हलले नाही. आईचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते. सातवी ठेवली तेव्हा माझे पारडे उचलले गेले, थोडे डोलले आणि बरोबरीला यायला किंचित राहिले.

"सात! वर छटाकभर!" तात्या ओरडले. "वैनी, सात भरला बगा! ढेप आमची परत आली! थांबा, वरचं किती त्ये नीट करू." आणि ते पेटीकडे वळले. "बारकं वजन दे रं त्यातलं."

पेटीची कडी निघाली असती तर तीन खाचा रिकाम्या दिसल्या असत्या. तेवढ्यात आबा पुढे झाले आणि पेटीवर पाय ठेवून उभे राहिले.

"वजनं कशाला देवीच्या कामात? गूळ फोड आन् टाक."

"आरं, पर..."

"फोड म्हनतो ना."

तात्यांनी गुळाचा खडा फोडून टाकला. पारडी सरळ झाली. वाजंत्री वाजली. आईने देवीपुढच्या ढेपेचा एक खडा उचलून कपाळाला लावला, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा गूळ तोंडात घातला. तो चावला नाही तिने. गालात ठेवून विरघळू दिला. डोळे मिटलेले होते. तिचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

दुपारी घरी पुरणपोळी आणि गुळवणी होती. आईने एरवी कधी आमच्याबरोबर ताट मांडले नव्हते. त्या दिवशी तिने स्वतःचे ताट माझ्या ताटाला लागून मांडले. "आज दोघंबी संगं," ती म्हणाली. मला आधी गोठ्यात जाऊन कमर मोकळी करायची होती. तिने हात धरून पाटावर बसवले. "आदी घास घे. मग काय करायचं त्ये कर." मी मांडी घातली; आबा समोरच्या पाटावर होते. तिने पोळीचा तुकडा मोडून तुपात बुडवला, तोंडात घातला, दुसरा मोडला. दुसरा तिच्या हातात असताना माझ्या उजव्या कुशीवरची पट्टी सुटली आणि पाच किलोचे वजन शर्टाखालून घसरून माझ्या ताटाच्या काठावर आदळले. ताट उलटे झाले. वजन पुरणातून घरंगळत जाऊन तिच्या गुडघ्याला टेकले.

तिने हातातला तुकडा ताटात परत ठेवला. वजन उचलून त्यावरचा आकडा बोटाने चाचपला. तिला अक्षरे येत नव्हती, आकडे येत होते.

"आजून हाये?"

"आहे."

"किती समदं?"

"बारा."

तिने वजन जमिनीवर ठेवले. "म्हंजी देवीनं लोखंड जोखलं," ती म्हणाली, "आन् मी गूळ खाल्ला."

"आई, तू जेवावीस म्हणून केलं. दुसरं काही नव्हतं."

"ठावं हाये रं. तुज्यावर राग न्हाई." तिने माझे ताट सरळ केले, नवी पोळी वाढली, वर तूप घातले. "तू जेव."

स्वतःचे ताट घेऊन ती उठली आणि म्हशीपुढे रिकामे केले. मग परत येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी जेवलो. तीन पोळ्या खाल्ल्या. एका वर्षात पहिल्यांदा बेरीज केली नाही. चव लागली नाही. संध्याकाळी वही चुलीत घातली. त्या दिवसापासून मी पुन्हा खाऊ लागलो, भीतीने का होईना. सावकाश, मागेपुढे होत, दोन वर्षांत अंगाने भरलो. भाकरी मोडताना आजही मनात आकडा उमटतो. तो उमटू देतो आणि भाकरी खातो.

आई मात्र पुन्हा दोन वेळा जेवली नाही. मी तिला सांगून पाहिले की आता मी खरेच सात ढेपांचा आहे, हवे तर आत्ता तोल. ती म्हणे, आता कशानं तोलू, देवीचा माज्या तागडीवर इस्वास न्हाई. माझी गूळतुला पुन्हा झाली नाही. माझे लग्न झाले, मुले झाली, तरी तिची संध्याकाळ पाण्याच्या तांब्यावर राहिली आणि गूळ तोंडाला लागला नाही. नातवांच्या ताटात मात्र ती "अर्धी घे" म्हणत वाढत असे. पंधरा वर्षे. शेवटी घोडेगावच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारले, यांना कोणता आजार दिसत नाही, या घरात खायला मिळत नाही का? मी म्हणालो, मिळते. तिरडी उचलली तेव्हा माझा चुलतभाऊ नकळत बोलून गेला, "लई हलकी वं चुलती." आबा काठी टेकून बाजूला उभे होते. त्यांनी तिरडीकडे एकदा पाहिले आणि मान वळवली. आकडा त्यांच्या मनात येऊन गेला, हे मला कळले. मी विचारला नाही.

त्या जत्रेच्या दिवशी जेवण झाल्यावर मी गोठ्यात जाऊन उरलेली दोन वजने सोडली. कमरेवर पट्टीचे काळेनिळे वळ उठले होते, करदोटा त्यांत रुतला होता. आबा मागून आले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मला पारड्यातच दिसलं व्हतं," ते म्हणाले. "खांद्याची हाडं वर आन् पारडं खाली. आसं जनावर नसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, तिच्या पोटात दोन घास जाऊस्तोवर कळ काडावी."

"दोनच गेले."

"येकच," आबा म्हणाले. "दुसरा हातात व्हता."

ते गेले. मी तिन्ही वजने न्हाणीत नेली. एका वजनाच्या खाचेत पुरण बसले होते. ते काडीने काढले, वजने राखेने घासली, धुतली, कोरड्या फडक्याने पुसली. ओसरीवर परत येऊन पडलेली पेटी उघडली, पाचाची दोन आणि शेजारी दोनाचे, अशी आपापल्या खाचेत बसवली, आणि कडी लावली.